निवल्यावरचं माप

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांगातली सहाच अंगं या खेपेस पाठवतो आहे. पाठ धरल्यामुळे उरलेली दोन जमिनीला टेकत नाहीत. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी 'फोनवर तुला बोलता येत नाही, नुसता हुंकार भरता येतो' असं म्हणून ठेवून देतेस. तेव्हा टपालखात्यातून निवृत्त झालेल्या बहिणीची सेवा तिच्याच खात्यामार्फत करणं आलं.

बातमी अशी, की काल तुझ्या नातीला घेऊन मी बाबांच्या कारखान्यात गेलो होतो. कारखाना म्हणजे आता उद्यान. जहाजांचे पंखे ओतायची भट्टी होती तिथे गोल पायऱ्या बांधून मध्ये कारंजं सोडलं आहे. मोठ्या क्रेनला केशरी रंग दिला असून तिच्या पोटात आइस्क्रीम मिळतं. धुराड्याला वेल चढवली आहे, ती बिचारी अजून कमरेपर्यंतच पोचली आहे. पाण्याकाठचं काटेरी तारेचं कुंपण गेलं. लोक कुत्री घेऊन हिंडतात. आपण लहानपणी ज्या फाटकाबाहेर डबा घेऊन उभे राहायचो, त्या फाटकातून आता कुणीही आत जातं आणि कुणाला काही वाटत नाही. मला मात्र आत शिरताना उगाच खिशात पास चाचपावासा वाटला.

बाबांची शेड तेवढी शाबूत ठेवली आहे. जिथे ते पंख्यांचे लाकडी साचे करायचे तिथे काचेची कपाटं मांडून जुनी हत्यारं ठेवली आहेत, आणि त्यात आपली दोन फुटी पट्टी आहे, पितळी टोकांची. आपण दिलेली. आपण म्हणजे मी. तुला पत्राने विचारलं होतं तेव्हा 'दे, घरात नको' एवढंच उत्तर आलं होतं. तुझ्या पत्रात तीनच शब्द आले म्हणजे ती एक तर तार असते, नाही तर राग. दोन्हींतलं कुठलं ते मला अजून उमगलेलं नाही. ते रंधे आणि पटाशी पाहताना आठवलं, की एवढा नामांकित साचेवाला, आणि आईचं कपाट करायला बाहेरून सुतार बोलावला होता. गल्लीभर हसले होते. थोर कलावंतांना उतारवयात वैराग्य येतं म्हणतात, ते आपल्या घरी कपाटापासून आलं.

आता मुख्य तक्रार. ज्या उतारावरून नवी जहाजं पाण्यात सोडत, त्याच उतारावर प्रचंड घसरगुंडी केली आहे. शेवटी पाण्याऐवजी वाळू. टिटवी सकाळपासून तिच्याचसाठी टिवटिव करत होती. पण तोंडाशी मापाचा खांब आहे आणि खांबाशी रखवालदार. चार फूट उंची भरल्याशिवाय प्रवेश निषिद्ध. आपली टिटवी नखभर कमी पडली. रखवालदार भला माणूस. पुढल्या वर्षी ये हं बाळ, म्हणाला. ती रडली नाही. रडली असती तर आइस्क्रीमवर भागलं असतं. हाताची घडी घालून माझ्या पुढे चालत राहिली, आणि बऱ्याच वेळाने तिने विचारलं, की आपल्या घरात सगळेच थोडे थोडे कमी असतात का. असं कोण म्हणतं, विचारलं, तर म्हणाली, आजीलाही उंचीमुळे पोलिसात घेतलं नव्हतं ना, बाबा सांगतात.

मग काय, तुझी गोष्ट तिला साग्रसंगीत सांगितली. बंदर-पोलिसांत पहिल्यांदाच मुली घेणार होते, गस्तीच्या बोटीवर. तू फाटकाजवळच्या पायऱ्यांवरून पोहत पलीकडे जाऊन यायचीस. अट पाच फूट दोन इंचांची. बाबांनी तुला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि भरलीस पाच फूट सव्वा इंच, पाऊण इंच कमी. मग तिथे जाऊन हसं कशाला करून घ्या, असं आई म्हणाली आणि तू गेली नाहीस. आणि शेजारच्या वेल्डरची मुलगी, जी तुझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची, ती गेली आणि लागलीसुद्धा, ती अंबाड्याच्या उंचीवर. अंबाड्याला टिटवी हसली. म्हटलं, चला, पिढीजात विनोद पुढच्या पिढीकडे सुपूर्द झाला.

लोभ आहेच. माझ्या अक्षराकडे पाहून तो कमी करू नये, एवढीच विनंती.

तुझा धाकटा,
पंडित


ता. १२ फेब्रुवारी

चि. पंडितास,

अ. उ. आ. पाठीला आशीर्वाद वेगळा: शेक घे, आणि खालच्या फळीवरची पुस्तकं वरच्या फळीवर ठेव. वाचत तर तू कुठलीच नाहीस.

टिटवी चार फूट अर्धा इंच आहे. गेल्याच महिन्यात शाळेत मोजलं, सूनबाईने मला त्याच आठवड्यात कळवलं. शाळेतल्या नर्सला टिटवीच्या घसरगुंडीत काही स्वारस्य नाही, ती खोटं माप सांगणार नाही. मूल महिन्यात वाढतं, कमी होत नाही. तू एवढा शिकलेला माणूस, रखवालदार म्हणाला पुढल्या वर्षी ये, आणि तू मान डोलावून आइस्क्रीमच्या दिशेने निघालास.

वहिनीच्या शिवणाच्या डब्यातली टेप घे आणि परत जा. तो खांब कुणी केला, आणि त्यावरचं माप त्यांनी कुठून उचललं, ते विचार. नीट विचार. संस्कृतात विचारू नकोस.

आणखी एक. अंबाड्याचा विनोद मुलीला सांगायची काही गरज नव्हती. वेल्डरची मुलगी अंबाडा बांधत नसे. तिच्या दोन वेण्या होत्या, पाठीवर सोडलेल्या. तुम्ही सगळ्यांनी त्या रोज पाहिल्या होत्या, आणि तरी इतकी वर्षं हसत आलात.

इकडे सर्व ठीक. लोभाचं पुढे बघू, आधी टेप ने.

तुझी,
ताई


ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझ्या वेण्यांचा फटका बसला तो बसला. खरंच होत्या दोन. लाल फिती असायच्या. मला आठवत होत्या आणि तरी विनोद आठवत नसल्यासारखा चालू राहिला, हे कसं होतं कोण जाणे.

आज्ञेप्रमाणे टेप घेऊन गेलो. रखवालदाराने माझ्याकडे संशयाने पाहिलं. पन्नाशी उलटलेला माणूस घसरगुंडीची उंची मोजतो म्हणजे त्याच्या मनात काय असेल, हे त्याने बराच वेळ ताडून पाहिलं असावं. खांबावरचे चार फूट टेपने मोजले तर पाऊण इंच जास्त भरले. पुन्हा मोजले. तेवढेच. मग कार्यालयात गेलो. उद्यानाचा आराखडा जिने केला ती मुलगी तिथे बसते, फार लाघवी आहे. खांबाबद्दल विचारताच तिचा चेहरा उजळला. म्हणाली, माप आम्ही बाजारातून आणलं नाही, याच जागेच्या आठवणीतून घेतलं. इथल्या एका कारागिराची खरीखुरी पट्टी आमच्याकडे आहे, तिची रेघन् रेघ छापून, एकावर एक चढवून खांब केला. आणि मला विचारलं, कशी वाटली कल्पना. मी म्हटलं, छान.

तिथून शेडमध्ये. काचेवरून टेप लावली. दोन फुटांत बाबांची पट्टी तीन सूत लांब. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मी तुला नव्हे, स्वतःला सांगतो आहे; कारण तिथे उभ्या उभ्या मला बाबा दिसले, बशीतल्या चहावर फुंकर घालत सांगणारे. ओतलेला धातू निवताना आखडतो. पंख्याचं पितळ फुटामागे दीड सूत आखडतं. म्हणून साचा तेवढा मोठा करायचा. पण दर मापाला हिशेब कोण करत बसणार, म्हणून साचेवाल्याची पट्टीच मोठी असते. तिच्यावरचा फूट हा आजचा फूट नाही, निवल्यावर फूट होईल असा तो फूट. लहानपणी मला यात मोठी गंमत वाटे, जणू बाबांच्या खिशात उद्याचं काहीतरी आहे. गंमत लक्षात राहिली आणि पट्टी मी 'बाबांची पट्टी' म्हणून देऊन टाकली, कशाची ते सांगितलंच नाही. त्यांनी कपाटात लेबल लावलं आहे: 'मोजपट्टी, लाकडी.'

इथपर्यंत पत्र सरळ आलं. आता पुढे कसं न्यावं कळत नाही. चार ओळींची प्रस्तावना लिहून खोडली. तुला त्या खाडाखोडीतून दिसतील. ताई, आपल्या घरात पट्टी एकच होती. ती खुंटीवर असायची. दाराच्या चौकटीवरच्या आपल्या सगळ्या रेघा, दर वाढदिवसाच्या, तिनेच मारलेल्या. मी बाकावर बसून हिशेब केला, चुकला असेल म्हणून पुन्हा केला. तुझे पाच फूट सव्वा इंच म्हणजे खरे पाच फूट सव्वादोन.

तू बसत होतीस. पाव इंच वर.

कार्यालयात अजून काही बोललो नाही. बोललो तर कारण सांगावं लागेल, आणि ते तुझ्या आधी त्यांना कळावं हे मला बरं वाटेना. तू सांगशील तसं करीन. राग येईलच. तो माझ्यावर काढ, मी हाताशी आहे.

लोभ राहू दे, जमेल तितका.

तुझा,
पंडित


ता. २७ फेब्रुवारी

चि. पंडितास,

अ. उ. आ. पत्र पोचलं. खाडाखोडही वाचली. 'दैव' हा शब्द खोडलास ते बरं केलंस.

मला हे माहीत आहे. टिटवीचा बाप पोटात होता तेव्हापासून.

इस्पितळात नाव घालायला गेले तेव्हा नर्सने उंची मोजली आणि पाच फूट सव्वादोन म्हणून सांगितली. मी तिच्याशी वाद घातला. म्हटलं, बाई, या दिवसांत बायका उंचही होतात का. ती म्हणाली, इथे येणाऱ्या सगळ्या रुंदच होतात, तुम्ही मुकाट्याने खाली उतरा. मी हसले आणि खाली उतरले, आणि रस्ताभर माझ्या डोक्यात दोन वेण्या. कारण तेव्हा पहिल्यांदा मी स्वतःशी कबूल केलं, की ती माझ्याहून उंच कधीच नव्हती.

बाळंतपणाला आईकडे आले. एका दुपारी सगळं सामसूम पाहून मी खुंटीवरची पट्टी काढली, आईच्या डब्यातली टेप काढली, आणि दोन्ही खाटेच्या कडेला शेजारी शेजारी धरल्या. मान वर केली तर दारात बाबा. हातात कप. त्यांनी टेपकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कप त्यांनी खिडकीत ठेवला. लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घेतात तशी हलकेच पट्टी माझ्या हातातून काढून घेतली, आणि म्हणाले, चहा निवतोय. दुसऱ्या दिवशी ती पट्टी ते शेडमध्ये घेऊन गेले. कारखाना बंद होईपर्यंत ती पुन्हा घरात आली नाही.

आईच्या कपाटाला सुतार का बोलावला, ते आता तुला कळलं असेल. तो त्याच्या पुढच्याच महिन्यात आला. त्यानंतर बाबांनी घरात काहीही मापलं नाही, पडद्याची काठीसुद्धा. तुम्ही सगळे हसलात. बाबाही हसले, आणि ते कसे हसले ते एकटीने मीच पाहिलं.

तुला वाटतं तसा राग नाही. होता तो वेल्डरच्या मुलीवरच खर्च झाला. ती बोटीच्या टोकाला उभी राहून पायऱ्यांसमोरून जायची तेव्हा हात करायची, आणि मी नेमकी त्याच वेळी पदर खोचून आत काही तरी शोधायला जायची. पुढे टपालात लागले, आणि आयुष्यभर उंच स्टुलावर बसून लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले. वाईट नव्हतं. पाण्यावर नव्हतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र विचारायची राहिली. ती रेघ मारताना बाबांच्या लक्षात नव्हतं, की होतं? मी बोटीवर जाणं आईला नको होतं, आणि आईच्या शब्दाबाहेर ते नव्हते. ज्यांना झोपेत दीड सूत कळायचं, त्यांना माझ्या डोक्यावर पट्टी धरताना ते आठवलं नसेल? मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. माहेरी आले की मी चहा करायची, ते म्हणायचे चहा निवतोय, मी म्हणायची घ्या ना मग. वीसेक वर्षं आम्ही बापलेक एवढंच बोललो, आणि ते गेले. मी पत्रं पोचवणाऱ्या खात्यात होते, बघ.

आता मी सांगते तसं कर. कार्यालयात आजच सांग. पण त्याच्या आधी टिटवीला सांग. खांब चुकला, तू चुकली नाहीस, असं सरळ दोन वाक्यांत. तुझ्या पद्धतीची प्रस्तावना नको. मुलीला जे सांगायचं ते त्या दिवशीच सांगावं. उद्यावर टाकलं की त्याचं कपाट होऊन बसतं.

तुझी,
ताई


ता. ८ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. सौ.ने विचारलं, परीक्षेचे पेपर एवढे वाईट आहेत का. मी हो म्हटलं. पेपर चांगले होते.

टिटवीला मात्र पत्र आलं त्याच संध्याकाळी सांगितलं. दोनच वाक्यांत, तुझी शपथ. तिने विचारलं, कुणी चुकवला. म्हटलं, कुणी नाही, ज्या पट्टीवरून केला ती पट्टी दुसऱ्या कामाची होती. मग विचारते, पट्टीला माहीत होतं का. मी म्हटलं, हे तुझ्या आजीला विचारायला हवं. मग स्वारी खूश होऊन म्हणाली की रखवालदारकाकांना ती स्वतः सांगणार. सांगितलंही, टेप गळ्यात घालून. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की मला पटलं बाळ, पण मला पटून उपयोग नाही, वरून पटायला पाहिजे.

वर ती आराखड्याची मुलगी. तिचा चेहरा आधी उतरला, मग तिने स्वतः मोजलं, मग हसू लागली, आणि मी हसत नाही हे पाहून थांबली. तुझ्याबद्दल मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, की या पट्टीने माणसं मोजू नयेत. तिने ते लिहून घेतलं. कपाटातलं लेबलही बदलते म्हणाली. खांबाला महिना तरी लागेल, असं तिचं म्हणणं पडलं. म्हटलं, घाई नको, तेवढ्यात मूल आपोआप वाढतं आणि प्रश्न मिटतो, ही कार्यालयांची सनातन रीत आहे. तिला ते लागलं असावं. आठवड्यात नवा खांब उभा राहिला. टिटवी इतक्या वेळा घसरली, की शेवटी रखवालदारच बाकावर जाऊन बसला.

आता बाबांच्या बाजूने बोलतो. त्यांच्या बाजूने बोलायला दुसरं कुणी उरलेलं नाही म्हणून, आणि मला जे आठवतं ते खरं आहे म्हणूनही. स्वयंपाकघरातल्या कोनाड्याची फळी तुला आठवते? आईने आपल्या टेपने माप सांगितलं, बाबांनी आपल्या पट्टीने फळी कापली, आणि ती कोनाड्यात बसेना. बाबा भिंतीवर रागावले. म्हणाले, गवंड्याने भिंत आखूड बांधली. मग तासून बसवली. पाटाचं तेच, माझ्या बाकाचं तेच. आईने तर म्हणच केली होती, की यांनी केलेली वस्तू घरात यायला घर वाढवावं लागतं. ताई, शेडमध्ये ते साचेवाले होते. घरी त्यांचे हातच तेवढे साचेवाले असत, डोकं फाटकापाशी काढून ठेवलेलं. फळीच्या वेळी विसरले, पाटाच्या वेळी विसरले, तर तुझ्याच वेळी मुद्दाम कसे आठवतील?

कारखाना मोडल्यापासून तू पाण्याच्या त्या बाजूला फिरकली नाहीस. एकदा ये. मी बरोबर असेन, आणि जमलं तर गप्पही बसेन.

लोभ आहे असं धरून चाललो आहे.

तुझा,
पंडित


ता. १६ मार्च

चि. पंडितास,

अ. उ. आ. फळी आठवते. तिच्या वर मिठाची बरणी असायची.

फळी बसली नाही, की काढून तासता येते. बाबांनी दर वेळी तासली. म्हणजे चूक झाली हे त्यांना दर वेळी कळत होतं, उशिरा का होईना. मग माझ्या वेळी केव्हा कळलं? भरती आठवडाभर चालू होती, पंडित. खाटेशी त्यांनी मला पाहिलं तेव्हाच कळलं, की त्या आठवड्यात एखाद्या सकाळी शेडमध्ये पट्टी हातात घेताना कळलं होतं आणि ते साच्यावर वाकून राहिले? हे आता कुणी सांगणार नाही. तूही नको सांगूस.

वाद घालायला हे लिहीत नाही. तू दिलेली फळी मी घेतली. मला ती हवी होती. अगदी बसत नाही, पण तासून घेईन.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येते. स्टेशनवर यायला नको, तुझी पाठ आणि माझी पिशवी दोन्ही मला सांभाळायला लागतील.

तुझी,
ताई


ता. २४ एप्रिल

चि. पंडितास,

अ. उ. आ. सुखरूप पोचले. वहिनीने पिशवीत काय काय भरलं होतं ते घरी येऊन कळलं. हमालाला आधीच कळलं होतं.

चार दिवस छान गेले. तू शेडमध्ये खरंच गप्प बसलास, त्याची नोंद घेतली आहे. फाटकाजवळच्या पायऱ्या तशाच आहेत हे पाहून बरं वाटलं. टिटवीला सुटीत माझ्याकडे पाठवा. इथल्या तलावात तिला पोहायला शिकवीन. मला अजून येतं. परवा जाऊन खात्री करून घेतली.

एक गोष्ट तिथे सांगितली नाही, ती लिहिते. तुम्ही दोघं क्रेनच्या पोटात आइस्क्रीमला गेलात आणि मी सावलीत बसते म्हणाले, तेव्हा मी बसले नव्हते. आधी पुन्हा एकदा शेडमध्ये गेले. पट्टीच्या मध्यावर एका जागी लाकूड गुळगुळीत झालं आहे, तू पाहिलंस का? बाबांचा अंगठा तिथे असायचा. नवं लेबलही वाचलं. बरोबर लिहिलं आहे.

मग खांबापाशी गेले आणि चपला काढल्या. रखवालदार म्हणाला, आजी, वयाची अट नाही, फक्त साडी आवरून बसा. मी म्हटलं, घसरायचं नाही, मोजा. त्याने मला खांबाला टेकवून उभं केलं. डोक्यावर आडवा हात धरला आणि वाकून वाचलं: पाच फूट सव्वा इंच.

मी त्याला पुन्हा बघायला लावलं. तो म्हणाला, बरोबर आहे आजी, मागचा खांब चुकीचा होता, हा नवा आहे. मी म्हटलं, माहीत आहे.

आमच्या डॉक्टरीणबाई गेल्या वर्षी म्हणाल्या होत्या, या वयात हाडं दबतात, माणूस इंचभर आखडतं. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. खांबाला पाठ लावून उभी असताना समोर पाणी होतं, त्यावर एक बोट चालली होती, आणि माझ्या डोक्यावर चौकटीवरचाच आकडा होता. जसाच्या तसा, सुताचाही फरक नाही. तुम्ही आइस्क्रीम घेऊन येईपर्यंत मी चपला घालून बाकावर बसले होते, आणि तू विचारलंस, ऊन लागलं का. मी हो म्हटलं.

शेडमधली माणसं म्हणायची, बाबांचं माप कधी चुकत नाही. चुकलं नाही, पंडित. ते निवल्यावरचं माप होतं. मी तेव्हा निवले नव्हते, एवढंच.

सर्वांस आशीर्वाद, टिटवीस जास्त. लोभ आहे तसा राहू दे. मापायला जाऊ नकोस.

तुझी,
ताई